नाव एक, मूळ वेगळं

पनवेल, मंगळवार, ऑक्टोबर १९९७

आज डोकं अगदी बधिर झालंय. तळोज्याच्या एका कारखान्यात गॅस सुटला की भोंगा वाजवायचा, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही करतोय. मी इथल्या ऑफिसात बसून तिथल्या व्हॉल्व्हचा आराखडा काढत होते, माझ्यासोबत काम करणारा सुधीर कारखान्यात बसून. आज दोन्ही एकत्र केले, तर पडद्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह दोनदा. एकाला भोंगा जोडलेला, दुसऱ्याला नाही.

"नावं तर तीच आहेत की!" सुधीर म्हणाला.

"कॉम्प्युटर नाव बघत नाही रे, मूळ बघतो. माझ्या फाइलची कॉपी घेऊन तू पुढे गेला असतास, तर दोन्ही एकच धरले असते. तू कागदावरून सगळं नव्याने काढलंस."

माझ्या फाइलची मी दिलेली फ्लॉपी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडलीच नव्हती, बिचारा काय करणार?

आता एकाचा आराखडा मूळ धरायचा आणि दुसऱ्याने आपलं काम त्याच्या कॉपीवर पुन्हा करायचं. कोणी? माझा जास्त नेटका आहे. पण ते व्हॉल्व्ह... भोंगा जोडलेले सगळे सुधीरचे. कामगारांसमोर भोंगा वाजवून तपासलेले.

"तुझा मूळ धरू," मी म्हटलं.

"अगं, आणि तुझी एवढी मेहनत?"

त्याच्या फाइलची कॉपी घेतली आणि कामाला लागले.

जेवताना यांनी विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही, पुन्हा पहिल्यापासून."

राग यायला हवा होता का? आला नाही. नुसती दमलेय. पण माझा आराखडा खरंच सुंदर होता.