कस्तुराच्या कबरीतली जागा

२ एप्रिल २०२५, बुधवार

रोहिदास भाजला! चाकणला त्याच्या कंपनीत गरम तेलाच्या टाकीनं पेट घेतला. पहिल्या शिफ्टला होता. तनुजाचा, त्याच्या बायकोचा फोन — नुसती हुंदके देते, शब्द फुटेना.

आज बुधवार. दर बुधवारी संध्याकाळी तो माझ्याकडं पवित्र शास्त्र, बायबल वाचायला येतो. दिपालीनं त्याच्यासाठी शेंगा उकडून ठेवल्या होत्या. लेक माझी, पण लाड त्याचे! शेंगा तशाच पडल्यात.

दोन वर्षं झाली त्याच्या बाप्तिस्म्याला. लातूरकडचा माणूस. सगळं गणगोत आपल्या जुन्या देवधर्मात, हा आणि बायको तेवढे आमच्यात आले. वाचायला मीच शिकवलं म्हणायचं. मी तरी कुठं शिकलेला! चौथी नापास, माझ्या बायकोनं, कस्तुरानं शास्त्रावर बोट ठेवून ठेवून अक्षरं गिरवून घेतली माझ्याकडून.

३ एप्रिल

बघून आलो. साठ टक्के. डॉक्टर मान हलवतात, हो म्हणतात की नाही तेच कळत नाही.

मला बघून ओठ हलले. कान जवळ नेला. "अण्णा... मला जाळू नगा. एकदा जळालोय, बास झालं. मातीत घाला."

म्हणालो, "मी आहे ना. मी बघतो."

एकतीस वर्षं चिंचवडच्या फाउंड्रीत ओतकाम केलं. रसरशीत लोखंड रोज हाताळलं, आगीचं काही वाटत नाही म्हणायचो. आज वाटलं.

५ एप्रिल

कबरस्थानात गेलो. कमिटीचा सेक्रेटरी निरंजन, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. म्हणतो, "अण्णा, नवी कबर कुठनं देऊ? हातभर जागा शिल्लक नाही. घरची जुनी असेल तर उघडतो."

रोहिदासला आमच्यात घर कुठलं? त्याच्या घराण्यात पहिला ख्रिस्ती तोच.

निरंजननं रजिस्टर उघडलं. "कस्तुराकाकूंची आहे की. पंधरा वर्षं झाली. तुम्ही सही द्या, तासाभरात माणसं लावतो. काकूंच्या अस्थी नीट कापडात बांधून पायथ्याला ठेवू, वर हा. पण एक आहे अण्णा, एकदा उघडली की चौदा वर्षं परत हात लावत नाही. नियमच आहे."

मला त्र्याहत्तर झाली. आणखी चौदा वर्षं? देव काय एवढी शिक्षा करायचा नाही!

ती जागा माझी आहे. कस्तुराला शब्द दिलाय — तू पुढं हो, जागा धर, मी आलोच. दगडावर तिच्या नावाखाली कोरी जागा सोडलीय. दर महिन्याला जातो, गवत उपटतो, चार गोष्टी सांगतो.

संमतीचा कागद घेतला. घडी घालून खिशात ठेवला.

६ एप्रिल, रविवार

उपासनेत संदेश माझ्याकडं होता. लाजरावर बोललो. चार दिवस कबरीत असलेला माणूस हाक मारली तसा बाहेर आला! मी रंगलो. कासारवाडीच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. बाहेर पडताना जो तो हात धरतो — "अण्णा, अंगावर काटा आला बघा."

कागद खिशात कुरकुरत होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

७ एप्रिल

सही केली नाही. अजून जिवंत आहे तो. जित्या माणसाची कबर उघडून ठेवायची का? अपशकुनच की.

अपशकुन! मी, मंडळीचा वडील माणूस, काय लिहितोय हे.

९ एप्रिल

आज रोहिदास बोलला नाही. थोरला भाऊ ज्योतीराम गावाहून आलाय. वाईट माणूस नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून माझ्याबरोबर चहा प्यायला. म्हणाला, "अण्णा, त्यानं धर्म बदलला, आमी एका शब्दानं बोललो नाही. पण उद्या बरंवाईट झालं तर अग्नी आमी देणार. आमच्यात लग्न झालेलं माणूस पुरत नाहीत. आईला काय सांगू?"

मी म्हणालो, बघू.

१० एप्रिल

रोहिदास गेला. सकाळी सहाला.

सगळं लिहितो. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

दवाखान्याच्या दारात ज्योतीराम म्हणाला, "इथंच उरकू. गावापर्यंत न्यायच्या अवस्थेत नाही." तनुजा भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडं वळली. "अण्णा, तुमी शब्द दिलता. मातीत घालायचंय त्यांना."

ज्योतीराम म्हणाला, "कुठल्या मातीत? जागा हाय का? असली तर बोला अण्णा, मी आईची समजूत काढतो. मेलेल्या भावाशी भांडायचं नाही मला."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं! हात खिशाकडं गेला. कागद होता. पेनही होतं. निरंजनला फोन लावायचा, बस्स.

आणि मी काय बोललो? म्हणालो, "बाई, देवाला राख काय अन् माती काय! समुद्रात बुडाले, वाघानं खाल्ले, त्यांनाही तो उठवणारच आहे. देह कुठं ठेवला यानं त्याचं काही अडत नाही. भिऊ नको."

तनुजानं एकदाच बघितलं माझ्याकडं. मग मान खाली घातली. "तुमी म्हणता तर तसं."

विद्युतदाहिनीचं दार वर गेलं, खाली आलं. मी प्रार्थना केली. आवाज चांगला लागला.

ज्योतीराम पाया पडला. "अण्णा, तुमी समजूत घातली म्हणून निभावलं."

११ एप्रिल

खोटं काहीच बोललो नाही. शब्द न् शब्द खरा आहे. पण खरं बोलून चोरी केली.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

दिपालीनं सदरा धुवायला घेतला, कागद निघाला. "अण्णा, हे काय? आईच्या कबरीचा कागद?"

सांगितलं सगळं. ती ओल्या हातांनी तशीच उभी.

"मग सही का नाही केलीत?"

"तुझ्या आईजवळ—"

"आईनं काय केलं असतं?"

"मला शिव्या घातल्या असत्या."

"आणि सही केली असती," ती म्हणाली. नळ सोडला.

१५ एप्रिल

लाजराचा अध्याय परत काढला. चाळीस वेळा वाचला असेल, पण मार्था आजच भेटली. लाजराची बहीण. प्रभूला म्हणते, ठाऊक आहे मला, शेवटल्या दिवशी माझा भाऊ उठेल. किती ठाम! आणि तो म्हणतो, बरं, मग धोंडा सरकवा — तर हीच आडवी! नको, आता घाण येईल.

शेवटल्या दिवसावर तिचा विश्वास होता. आजच्या धोंड्यावर नव्हता.

तीच जात माझी. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मयतीत उभा राहून पुनरुत्थान सांगतोय. आणि स्वतःच्या मनात खोल काय? की कस्तुरा तिथं, त्या सहा फुटांतच आहे. मी तिथं गेलो नाही तर ती मला सापडायची नाही. म्हणजे रोहिदासला राखेतून उठवणारा देव मला मात्र बायकोपासून चार कबरी लांब ठेवलं तर गोंधळून जाणार!

हसू आलं. मग नाही आलं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांच्या उपासनेत शेवटचं वाचन माझ्याकडं. वधस्तंभावरून उतरवून प्रभूला कबरीत ठेवतात ते.

वाचता वाचता अडकलो. कबर त्याची नव्हतीच! अरिमथाईच्या योसेफानं स्वतःसाठी खोदून घेतलेली. म्हाताऱ्यानं — म्हातारा होता की नाही देव जाणे — आपली जागा दिली. कुणाला? सरकारनं गुन्हेगार ठरवून मारलेल्या माणसाला.

पुढचं वाचवेना. पाळकसाहेबांनी पुस्तक हातातनं घेतलं. लोकांना वाटलं अण्णा गहिवरले.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटेची उपासना नेहमीप्रमाणं कबरस्थानात. कबरी चुन्यानं रंगवलेल्या, मेणबत्त्या. गाणं झालं, मग जो तो आपापल्या माणसाकडं फूल घेऊन गेला.

तनुजा आली होती. हातात एक पांढरी शेवंती. मधल्या वाटेवर उभी. मी जवळ गेलो. तिनं विचारलं, "अण्णा, यांचं फूल कुठं ठेवू?"

अस्थी ज्योतीरामनं नेऊन नदीत सोडल्या होत्या.

मग मी सांगितलं. कागद, सही, निरंजन, सगळं. बोट करून दाखवलं — ती कबर. तिथं राहिला असता तो.

ती कबरीकडं वळली. रागावेल, ओरडेल, थोबाडीत मारेल तर बरं होईल असं वाटलं. म्हणाली, "त्यांनी मला चारदा विचारलं, अण्णांनी जागा बघितली का. मी म्हणलं, बघितलीय."

फूल पदराला बांधलं आणि गेली.

आजूबाजूला सगळे एकमेकांना म्हणत होते, तो उठला आहे, खरोखर उठला आहे.

२१ एप्रिल

अन्न जात नाही. प्रार्थनेला बसलो की तिचं वाक्य ऐकू येतं. क्षमा मागितली, देव देईलही. तनुजानं द्यावी असा तिच्यावर काय जोर?

२६ एप्रिल

निरंजनकडं जाऊन लेखी दिलं. कस्तुराची कबर, आमच्यात गणगोत नसलेलं पहिलं जे माणूस जाईल त्याला उघडावी. मला विचारू नये, थांबू नये. आणि माझी वेळ आली की मला विद्युतदाहिनीत द्यावं. साक्षीदार म्हणून दिपाली. तिचं पेन थांबलं. "अण्णा, आईजवळ नको?" म्हणालो, ती ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात मी जाणार, अंतर किती पडायचंय?

आगीची भीती वाटते. फार. सही केली.