मायला सांगायचे तेवढेच

प्रमिला,

माय पातूरला माझ्या लग्नाची निमंत्रणे देऊन संध्याकाळच्या मोटारीने येईल. तिला आधी चहा दे, मगच सांग. ख्रिस्टाच्या राहण्याच्या परवान्याला मुदतवाढ मिळाली नाही. याच आठवड्यात तिला बोटीने जर्मनीला परतावे लागेल. ती अमरावतीहून निघाली आहे. मी इथल्या स्टेशनवर तिच्या गाडीत चढून मुंबईपर्यंत सोबत जातो.

विवाहाची नोंद झालेली असती तर काही करता आले असते, असे अधिकारी म्हणाले. गेल्या महिन्यात आम्ही दोघे नोंदणीलाच निघालो होतो, तेव्हा माय दारात आडवी उभी राहिली होती. "धोंड्याच्या महिन्यात कागदावर सही बी नोको करू, बापू. महिनाभर थांबलं तं काय आभाय पडून राह्यलं?" ख्रिस्टा हसली आणि चपला काढून पुन्हा घरात आली.

अधिकाऱ्यांचे ते वाक्य मायच्या कानी जाऊ देऊ नकोस.

मांडवासाठी आणलेल्या जांभळीच्या डहाळ्या अंगणात आहेत; तोडल्याचे अजून न कळल्यासारख्या हिरव्या. त्या शेजारच्या इंदूबाईंच्या बकऱ्यांना घाल. मांडववाल्याला निरोप मी दिला आहे.

सून केव्हा परत येईल, असे माय विचारील. तू 'दिवाळीपर्यंत' म्हण. तिच्या तोंडाकडे पाहून मला ते म्हणता आले नसते, म्हणूनच तिची वाट न पाहता निघालो.

तुझा भाऊ,
मनोहर