गवयाला साथ

रविवार, ७ फेब्रुवारी १९५४
सगळ्यांत आधी उगवली ती मुलाची आत्या. चपला काढता काढता आमचं अख्खं मुलुंडचं घर बघून झालं तिचं. मागून नंदकिशोर नि त्याची आई, उत्तराबाई. आमच्या वसुधाला, माझ्या नातीला, बघायला. मुलगी पसंत. बाई गाण्याच्या शौकीन. मी तीनदा सांगितलं, दर गुरुवारी संध्याकाळी मठात भजनाला पहिला आवाज माझा! मग म्हणाल्या, आजी, शनिवारी चला आमच्याबरोबर गाण्याला, गिरगावात मोठा हॉल आहे. मधुकर म्हणाला, आई, गप्प बसशील ना गं? मी कधी बोलते?
संकल्प: विहीणबाईंवर छाप पाडायची.

शनिवार, १३ फेब्रुवारी, निघताना
हिरवं इरकली लुगडं नेसले. कनवटीला खडीसाखर, घसा बसायला नको. एक शब्द बोलणार नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी
शी! हॉल कसला, पिकदाणी! जिन्यात पानाचे फराटे, खुर्चीत ढेकूण. गवई तासभर एकच ओळ दळत होता, दाढ उपटल्यासारखी तोंडं करून. तेही चाललं असतं. पण माणसं! बिचारा ओळ म्हणून थांबायचा, नि एकजण ती उचलेल तर शपथ. आमच्या मठात बुवांनी ओळ सोडली की सगळ्या बायका झेलतात. हे शिकलेसवरलेले नुसते माना डोलवतायत. किळस आली. शेवटी मीच उचलली. खड्या आवाजात, टाळ्यांसकट. गवई इतका गहिवरला की पुढचं सुचेना त्याला. तबलाही थांबला. वसुधाने अभिमानाने माझा हात घट्ट दाबला, नख लागलं. मला ऐसपैस बसता यावं म्हणून विहीणबाई चार खुर्च्या पलीकडे गेल्या. छाप पडली!

मंगळवार, १६ फेब्रुवारी
त्यांचा निरोप नाही. कामात असतील. वसुधा धड जेवत नाही. नंदकिशोर मनात भरलाय पोरीच्या. मधुकर माझ्याशी बोलत नाही, ऑफिसचा ताप.

बुधवार, १७ फेब्रुवारी
निरोप आला! बोलणी करायला येतायत. उद्याच, संध्याकाळी. मी म्हटलं, अरे, तेव्हा तर मी मठात! मधुकर छताकडे बघत म्हणाला, हो ना. वसुधा मात्र किती दिवसांनी हसली.
विसरल्या म्हणावं, तर तीनदा सांगितलंय.
भजन बुडवून घरीच थांबणार होते. मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. जाते बाई मठात. माझ्यावाचून तिथे ओळ कोण उचलणार?
मंडळी गुरुवारी येणार.