अगापेची पंगत

१ मार्च, लातूर
जिल्हा नवा, कचेरी नवी, टेबलांना अजून वार्निशचा वास. नांदेडहून बदलून आलो. बायको जाऊन वर्ष होत आलं. खोलीवर एकटाच जेवतो. आज भाकरीशी बोललो. हसू आलं, मग रडू.

४ मार्च
इथल्या चर्चच्या पाळकबाबांनी काम दिलं. दुष्काळ सरेपर्यंत तिथे दर रविवारी प्रीतिभोजन. पहिल्या दिवशी 'अगापे' या शब्दाचा अर्थ मी सांगायचा. म्हणाले, "ज्येनं त्येनं घरचं आणायचं. पाण्याचा तांब्याबी."

५ मार्च
वाचलं. शब्द ग्रीक, अर्थ प्रीती. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र जेवणालाच ते नाव दिलं. पण करिंथ शहरात ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून मोकळे, गरीब उपाशी. प्रेषिताने पत्रातून कान उपटले. पुढे हळूहळू ही पंगतच मोडली.
मला एवढंच हवंय, कुणाच्या तरी शेजारी बसून जेवायचं.

६ मार्च, रवि.
अर्थ सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळे खाली पंगतीत, आणि मला खुर्ची, टेबल, स्टीलचं ताट! "सायब, तुमी वर बसा." अहो, साधा कारकून मी. प्रीतीवर भाषण ठोकून एकटाच जेवलो.

१३ मार्च, रवि.
खुर्ची मांडलेलीच होती. मुकाट खाली बसलो. दोन्हीकडचे अदबीने हातभर सरकले.
तेवढ्यात सगुणाबाई आल्या, म्हाताऱ्या, एकट्याच. सरकारी कामावर खडी फोडतात. तिथली सुट्टी बाजारादिवशी, रविवारी नाही, म्हणून उशीर. जागा फक्त माझ्याजवळ.
"सायबाच्या बाजूला कसं बसावं? तांब्याबी रिकामा हाय."
"मावशी, माझ्यात हाय की पाणी. या."
बसल्या. "घरी कोन हाय?"
"कुणी न्हाई."
त्यांनी आपली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. फार बरं वाटलं.

२० मार्च, रवि.
शेजारी जागा राखली. वाढून झालं. पाळकबाबा म्हणाले, "करायची का सुरुवात?" म्हटलं, "सगुणाबाई यायच्यात." सगळे भुकेले, तरी थांबले. भाकऱ्या गार झाल्या. शेवटी जेवलो. त्या आल्याच नाहीत.
खडीचं काम अहमदपूरच्या रस्त्याला आहे म्हणतात. अर्धी भाकरी फडक्यात बांधून आणलीय. तांब्या भरून ठेवला. सकाळी तिकडेच निघायचं.