बाजारातली अबोली

अप्पा, आज वाफे खणले. तुम्ही असतात तर पहिल्या कुदळीलाच मला बाजूला सारलं असतं. माती कशी खणावी हे जगात फक्त तुम्हालाच कळतं, असं तुमचं ठाम मत होतं. पण कोल्हापुरातल्या आपल्या बावड्याच्या घराच्या अंगणातला तो करपलेला वाफा मी विसरलेले नाही.

मामानं गावचं घर विकलं, ते साल. सीमेजवळच्या त्या घरात आमच्या आईचं, अव्वाचं, लहानपण गेलेलं. परसात अबोली होती, गडद तांबूस. कोल्हापुरात मिळते तशी फिकी नव्हे. घर विकण्यावरून तुमचं नि मामाचं वाजलं. "ह्या दारात पुन्हा पाय ठेवनार न्हाय," असं सगळ्यांदेखत सांगून तुम्ही निघालात. अव्वा ओल्या पोत्यात अबोलीची रोपं तेवढी घेऊन आली. माहेर म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

तुम्हाला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाच्या रसाचा काळा गाळ, ती ताजी मळी, तुम्ही गाडीभर आणून वाफ्यात ओतलीत. "ऊस कसा येतोय बघतीस न्हवं? अबोली कौलाला टेकंल की." ताजी मळी तापते, मुरल्याशिवाय घालू नये, हे कारखान्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं. पण तुम्ही पडलात वजनकाट्यावरचे. आठवडाभरात रोपं करपली. अव्वा वाफ्याशी बसून एकेक काडी उपटतेय आणि तुम्ही उगाचच सायकलची चेन पुसताय. मला तुमचीच जास्त कीव आली.

पुढच्या सुट्टीला पहाटेच सायकल घेऊन गेलात, ते दिवेलागणीला परतलात. कॅरिअरला ओलं पोतं.

"कुठं गेलतासा?" अव्वानं विचारलं.

"हितंच. बाजारातनं आनली रोपं."

मळी उपसून कोपऱ्यात मुरत टाकलीत, नवी माती भरलीत. कामावरून आलात की चहाआधी वाफा बघायचात. अव्वा पाणी घालायची, पण तिचं मन त्या रोपांत नव्हतं. बाजारची ती बाजारची.

दसऱ्याच्या तोंडावर फुलं उमलली. गडद तांबूस. अव्वा हातात तांब्या धरून तशीच उभी राहिली. ती अबोली विकलेल्या त्या एकाच परसात होती. म्हणजे तुम्ही त्या दाराशी गेला होतात, परक्या माणसांकडे रोपं मागितली होतीत. तुम्ही, जे शेजाऱ्याकडे कधी विळीसुद्धा मागू द्यायचा नाहीत.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं, गाड्या पुजतात. अव्वानं पहिल्या फुलांचा गजरा केला आणि केसांत न माळता तुमच्या सायकलच्या हँडलला बांधला.

"बाजारात ही मिळत न्हाई," ती म्हणाली.

"मिळती की. नीट बघाय लागतं."

अव्वा हसली. घर विकल्यापासून तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं, अप्पा. मला इतकं बरं वाटलं, की मी आत जाऊन रडले.

तुम्ही गेलात, मागोमाग अव्वाही. हे पत्र कुठं टाकणार? बियांच्या डब्याखाली ठेवते. तीच अबोली आता माझ्या अंगणात आहे, मळीही मुरवूनच घालते. तुमची सायकल मला चालवता येत नाही. टायर कधीच गेलेत, घरातले म्हणतात भंगारात दे. एक सांगायचं राहिलं. दर खंडेनवमीला पहिला गजरा मी त्या सायकललाच बांधते. शेजारीण विचारते, एवढी गडद अबोली कुठली हो? मी सांगते, बाजारातली.