कमी तिखटाची बरणी

आई, आज वर्षाची चटणी करायला घेतली. घरभर ठसका उठलाय, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तू खाटेवरून ओरडत नाहीस म्हणून हात अडतोय. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, उपचार संपले, आता हे दुखणं घरात निभायचं नाही, वडगाव रोडच्या शुश्रूषा केंद्रात हलवा. माझी शाळेतली नोकरी, दिवसभर घरात दुसरं कोणी नाही. मी तुला सांगितलं, चार दिवस जाऊ, जरा बरं वाटलं की परत येऊ. तू एवढंच म्हणालीस, "चटणी झाल्याबिगर मी हलायची न्हाय."

मला असा राग आला! गाडी ठरलेली, तिथली खाट मिनतवारीनं मिळालेली, आणि हिचं डोकं मिरच्यांत. बोलले मी तुला, वाट्टेल ते बोलले. तू भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस. शेवटी गाडी पुढं ढकलली आणि गॅस पेटवला. मी भाजतेय, तू पडल्या पडल्या नुसत्या वासावर सांगतेस, "तीळ करपाय लागलं, उतर की." सगळं तुझ्या मनासारखं झालं. कांडप गिरणीवर न्यायला मिरच्या वेगळ्या केल्या, माझ्या आणि पुण्याच्या दादाच्या तिखट, तुझी नुसती बेडगी. औषधांनी तोंड आल्यापासून तुझी चटणी वेगळीच असायची. तुझी चिनी मातीची लहान बरणी मी पुसायला घेतली.

"ती ऱ्हाऊ दे," तू म्हणालीस. "मीठ भर तिच्यात."

मी पुसतच राहिले. म्हटलं, चार दिवसांत येतीस की. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "व्हय, येते की." तुला सगळं कळलं होतं, आई. तरी माझं खोटं तू चालवून घेतलंस. केंद्रात शेजारच्या खाटेवरची म्हातारी येईल त्या सिस्टरला विचारायची, घरला कधी सोडणार. तू एकदाही विचारलं नाहीस. मी डबा आणला की भाजी जिभेला लावायचीस, मीठ बरोबर हाय म्हणायचीस आणि ताट सरकवायचीस. चिडून विचारलं असतंस तर बरं झालं असतं. ते न विचारणं मला अजून सोसत नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली? घडी करून तुझ्या बरणीखाली ठेवणार आहे. आणि एक सांगते, रागावू नको. त्या बरणीत मी मीठ भरलंच नाही. दर उन्हाळ्यात बेडगी वेगळी कांडून तुझी बरणी भरते. घरात कमी तिखट खाणारं कुणी नाही.