साहेबाला न दाखवायची फुली

नायगाव, फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप आबांस, धर्माचा नमस्कार. साष्टांग या खेपेला घालवत नाही.

गेल्या साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबारात माझा मित्र महादेव पडला, त्याच दिवसापासून माझं कॉलेज सुटलं आणि त्याच्या बहिणीचं, दमयंतीचं दारही मला बंद झालं. "पोलिसाच्या पोरा, चालता हो," म्हणाली.

आईचा ताप उतरलाय. निवडणुकीच्या बंदोबस्तावर बाहेरगावी तुम्ही वेळेवर जेवता ना?

तुमची मतपत्रिका टपालाने येईल. फुली एकट्याने मारा आणि लहान पाकीट चिकटवा. सोबतच्या कागदावर साहेबासमोर सही करायची. पण त्याने सहीच बघायची, फुली नाही. दोन्ही मोठ्या पाकिटात घालून लगेच धाडा, मोजणीनंतर पोचलं तर फुकट.

गोळीबार योग्यच होता म्हणणारा माणूस आपल्याकडे मतं मागतोय. मी विसाचा, मला मत नाही. माझा सूड तुमच्या हातात आहे, आबा. त्या दिवशी त्याच हातात काठी होती. ती हुकमाने उचललीत. फुलीला हुकूम नाही.

कुणावर मारलीत ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही परत आलात की तुमच्या तोंडाकडे बघून ओळखत बसायचं नाही मला. म्हणून लालबागला मित्राकडे राहायला जातोय. आईजवळ शेजारच्या राधाबाई आहेत.

अजून तरी तुमचाच,
धर्मा

ता. क. पत्र वाटेत पेटीत टाकतो. आई झोपलीय, दार हळूच ओढून घेतो.